पाणी आणि डोंगर मिळून गाव

नाहुआत्ल ही मध्य मेक्सिकोतील ॲझ्टेकांची भाषा असून आजही ती सुमारे सोळा लाख लोक बोलतात. टोमॅटो, कोको आणि अलीकडे बाजारात दिसू लागलेला ॲव्होकॅडो ही नावे मुळात तिचीच होत, याची मराठी श्रोत्याला क्वचितच कल्पना असते. ‘तोमात्ल’ म्हणजे फुगीर, रसदार फळ, आणि त्यातील अखेरचा ‘त्ल’ हा नामाला लागणारा प्रत्यय असून तो स्पॅनिश जिभेला न जमल्याने त्याचा ‘ते’ झाला. मध्य मेक्सिकोत अजूनही ‘तोमाते’ मागितल्यास पापुद्र्यात गुंडाळलेले हिरवे फळ मिळते, तर तांबड्या टोमॅटोला ‘हितोमाते’ म्हणावे लागते.

परंतु या भाषेची खरी श्रीमंती सुट्या शब्दांत नसून शब्दांच्या जोड्यांत आहे. दोन साधे शब्द शेजारी ठेवायचे आणि त्यांतून दोघांहून वेगळा तिसराच अर्थ काढायचा, ही ती रीत. आंखेल मारिया गारिबाय या मेक्सिकन अभ्यासकाने विसाव्या शतकात तिला ‘दिफ्रासिस्मो’, म्हणजे द्विपदी उक्ती, असे नाव दिले. ‘आत्ल’ म्हणजे पाणी आणि ‘तेपेत्ल’ म्हणजे डोंगर; दोन्ही मिळून अर्थ होतो गाव किंवा नगरराज्य, आणि त्यातूनच ‘अल्तेपेत्ल’ हा एकसंध शब्द घडला. फूल आणि गाणे मिळून काव्य, बाण आणि ढाल मिळून युद्ध, काळा रंग आणि तांबडा रंग मिळून लेखन व ज्ञान, कारण चित्रलिपीच्या पोथ्या याच रंगांनी लिहिल्या जात. चटई आणि आसन मिळून राज्यसत्ता, हे तर ‘गादीवर बसणे’ म्हणणाऱ्या मराठी माणसाला न सांगताही कळावे. आणि घागरा व अंगरखा मिळून स्त्री, हे ऐकताना ‘चूल आणि मूल’ आठवल्यावाचून राहत नाही, जरी मराठी जोडीत स्त्रीचे काम आहे आणि नाहुआत्ल जोडीत तिचा पेहराव. पुन्हा सांगायचे तर, पाणी अधिक डोंगर ही बेरीज नव्हे, पाणी आणि डोंगर मिळून गाव होते.

स्पॅनिश विजयानंतरचा राजकीय इतिहास येथे बाजूला ठेवता येईल. एवढेच पुरे की सोळाव्या शतकाच्या उत्तरार्धात, साधारण १५७० च्या सुमारास, आलोन्सो दे मोलिना या धर्मोपदेशकाचा मोठा शब्दकोश छापला गेला आणि बेर्नार्दिनो दे साआगुन याने स्थानिक जाणकारांच्या मदतीने बारा भागांचा ग्रंथ सिद्ध केला, ज्याच्या सहाव्या भागात वडीलधाऱ्यांची उपदेशपर भाषणे आणि अशा जोड्यांचे अर्थ नोंदले आहेत.

मेक्सिकोने २००३ साली कायदा करून देशी भाषांना राष्ट्रीय भाषांचा दर्जा दिला, तरी प्रस्तुत वक्त्याच्या मते शब्द कोशात उतरल्याने जोडी वाचत नाही, कारण ती समारंभातील, उपदेशातील आणि वडीलधाऱ्यांच्या भाषणातील सवयीवर जगते. फळाचे नाव, प्रत्यय गमावून का होईना, फळाबरोबर जगभर फिरले. पाणी आणि डोंगर मात्र एकमेकांपासून सुटले की पाणी नुसते पाणी उरते, डोंगर नुसता डोंगर, आणि गाव नाहीसे होते.