ओवीखाली नाव

मुळशी म्हटलं की धरण आठवतं, सेनापती बापटांचा १९२१चा सत्याग्रह आठवतो. मी मुळशीचाच. मला मात्र आधी आठवतात पहाटेच्या ओव्या, आई आणि काकूच्या.

दोघी समोरासमोर बसून एकच खुंटा धरायच्या. एकीनं ओवी सुरू करायची, दुसरीनं ती उचलायची. वाद्य कुठलंच नाही. ठेका जात्याच्या घरघरीचा. १९५०च्या सुमारास अमेरिकेतली कृष्णवर्णीय मुलं अशीच रस्त्याच्या कोपऱ्यावर वाद्यांवाचून गात. त्या गाण्याला पुढे ‘डू-वॉप’ म्हणू लागले. त्यातल्या काहींच्या तबकड्या तरी निघाल्या. आमच्या बायकांना श्रोताही नव्हता. सारं घर झोपलेलं असे, म्हणून तर सासरचा जाच, माहेरची ओढ मोकळेपणी ओवीत यायची.

पुढे पिठाची गिरणी आली. बायकांचे कष्ट वाचले, ते चांगलंच झालं. पण जात्याबरोबर गाणंही थांबलं.

हेमा राईरकर आणि मूळचे फ्रान्सचे गी पॉइटवाँ हे तेव्हा गरीब डोंगरी संघटनेच्या कामानिमित्त मुळशीच्या गावांत हिंडत होते. या ओव्यांचं मोल त्यांनी ओळखलं आणि त्या उतरवून घेतल्या. मुळशीतून सुरू झालेलं हे काम राज्यभर पसरलं. एक लाखाहून अधिक ओव्या जमल्या. १९९०च्या दशकात बर्नार्ड बेल यांच्या साथीनं ध्वनिमुद्रण झालं. नांदगावच्या कुसुम सोनवणे आणि त्यांच्या मैत्रिणींचे आवाज त्यात आहेत. २०१७पासून ‘पारी’ या संकेतस्थळावर या ओव्या येऊ लागल्या, गाणारणीच्या नाव-गावासह.

ती नावं वाचताना मी आईचं नाव शोधलं. मिळालं नाही. आमच्या घरी कुणी आलं नव्हतं, आणि मलाही कधी टिपून घ्यावंसं वाटलं नाही. आई गेली.

काकू ऐंशीच्या पुढची. गेल्या दिवाळीत माझ्या मुलीनं तिच्यापुढे मोबाइल धरला. काकू म्हणाली, “अगं, जात्यावर बसल्याबिगर ओवी कशी सुचंल?” मग परड्यातलं जातं आम्ही आत आणलं, धुतलं, खुंटा ठोकला. दुसऱ्या बाजूला मुलगी बसली. काकूनं चौदा ओव्या सांगितल्या. त्यातल्या सहा आईच्या होत्या, हे तिनंच सांगितलं.

मुलीनं त्या वहीत उतरवल्या आणि प्रत्येकीखाली नाव घातलं.