सहा दिवसांचा धर्म

रविवारीं उपासनामंदिराची घंटा होते, गीतें गाइलीं जातात, आशीर्वाद उच्चारला जातो आणि मंडळी आपापल्या घरीं परतते. तिला निरोप देतांना पाळकाच्या मनांत एक विचार हटकून येतो : येथें प्रकट झालेली ही श्रद्धा सोमवारीं सकाळीं कोठें असेल? प्रवचनाची खरी कसोटी स्वयंपाकघरांत, दुकानांत व कचेरींत लागते.

ख्रिस्ताचें चरित्र पाहिलें तर यांत नवल वाटण्याचें कारण नाहीं. नासरेथचे लोक त्याला सुतार म्हणून ओळखीत; उपदेशाला त्यानें आरंभ केला तेव्हां त्याचें वय सुमारें तीस वर्षांचें होतें. त्याच्या दृष्टांतांत पिठांत खमीर मिसळणारी बाई आहे, दिवा लावून हरवलेलें नाणें शोधणारी गृहिणी आहे. प्रेषित पौल करिंथ येथें तंबू करण्याच्या धंद्यावर निर्वाह करी. वेदीपाशीं अर्पण आणलेल्या माणसाला भावाचें वैर आठवलें, तर अर्पण तेथेंच ठेवून त्यानें आधीं समेट करावा, अशी ख्रिस्ताची आज्ञा आहे.

महाराष्ट्रांत याचा बोलका दाखला टिळक दांपत्याच्या संसारांत सांपडतो. नारायण वामन टिळक यांनीं १८९५ सालीं मुंबईस बाप्तिस्मा घेतला. पत्नी लक्ष्मीबाई यांच्यावर तर आकाशच कोसळलें. कांहीं वर्षें त्या पतीपासून दूर राहिल्या. पुढें एकत्र आल्या, तरी त्यांचें सोवळें आणि पाणी निराळेंच होतें. जाति देवानें केल्या कीं माणसांनीं, हा प्रश्न अखेर त्यांनीं स्वतःच स्वतःला विचारला आणि कोणाच्याहि हातचें अन्नपाणी घेण्याचा निश्चय केला. १९०० सालीं त्यांनीं बाप्तिस्मा घेतला, तो त्यानंतर. ‘स्मृतिचित्रें’ या आपल्या आत्मचरित्रांत त्यांनीं ही सारी हकीकत मोकळ्या मनानें सांगितली आहे. त्यांच्या मनाचा पालट पाण्याच्या घागरीपाशीं घडला. विधि मागाहून आला.

उलटहि घडत आलें आहे. बाप्तिस्मा झाला, नांव बदललें, पण सोयरीक जुळवितांना पूर्वीची जात विचारली गेली, अशीं ख्रिस्ती घरें थोडीं नाहींत. तेथें विधि पुढें गेला आणि घागर मागें राहिली. १९१७ सालीं टिळकांनीं ‘देवाचा दरबार’ स्थापिला व बाप्तिस्मा न घेतलेल्या ख्रिस्तभक्तांनाहि त्यांत स्थान दिलें. अंतःकरणाच्या निष्ठेला ते किती महत्त्व देत, हें त्यावरून कळून येतें.

ही कसोटी केवळ ख्रिस्ती कुटुंबापुरती नाहीं. दुकानदाराचा तराजू, कारकुनाच्या मेजावर अडून राहिलेला गरिबाचा अर्ज, मजुराची थकलेली मजुरी, या प्रत्येक ठिकाणीं श्रद्धेला रोज उत्तर द्यावें लागतें. शहरांतील सुशिक्षित घरांतूनहि कामाला येणाऱ्या बाईचा चहाचा कप आजहि कित्येकदां निराळा ठेवलेला आढळतो. तो फुटका असतो, कोपऱ्यांत असतो, आणि त्याविषयीं घरांत कोणी बोलत नाहीं. सायंकाळच्या प्रार्थनेला बसण्यापूर्वीं गृहिणीनें तो कप इतर कपांच्या रांगेंत आणून ठेवला, तर त्या घरांत प्रार्थनेला तेव्हांच आरंभ झाला असें समजावें.