कंकणाच्या आत जाताना
(मंडळाच्या गणेशोत्सवात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



व्यासपीठावर आम्ही दोघे आळीपाळीने बोललो. छापण्यासाठी लिहून काढताना दोघांचे एक करून टाकले आहे, त्यामुळे कुठले वाक्य कोणाचे हे आता आम्हालाही सांगता येणार नाही.

वडोदऱ्यातल्या माणसाने समुद्रावर काय बोलावे, असे कोणी म्हणेल. पण बिलिमोऱ्याला गायकवाडांचे आरमार होते, आणि भरती-ओहोटी म्हणजे काय हे आपल्याइतके जवळून थोड्यांनीच पाहिले असेल. आपल्यापैकी बहुतेकजण कावी-कंबोईला जाऊन आले असतील. स्तंभेश्वराची पिंडी दिवसातून दोनदा पाण्याखाली जाते आणि पाणी ओसरले की पुन्हा दर्शन देते. खंबातच्या आखातात, भावनगरकडे, भरती-ओहोटीतला फरक दहा मीटरच्या आसपास जातो. आज ज्या बेटांविषयी सांगणार आहोत तिथे हा फरक हातभरसुद्धा नसतो. तरीही त्या हातभर पाण्याने आम्हाला एक अख्खी रात्र बाहेर ताटकळत ठेवले.

ही बेटे म्हणजे तुआमोतू. प्रशांत महासागराच्या दक्षिण भागात, ताहितीच्या ईशान्येला पसरलेली पाऊणशेहून अधिक कंकणद्वीपे. फ्रेंच पॉलिनेशियाचा हा भाग. डोंगर नाही, नदी नाही. समुद्रात बांगडी ठेवावी तसा प्रवाळाचा अरुंद कडा, त्यावर नारळाची झाडे, आणि बांगडीच्या आत शांत, हिरवट निळे पाणी. त्या आतल्या पाण्याला लगून म्हणतात. रांगिरोआ हे त्यांतले सर्वांत मोठे. त्याची लांबी ऐंशी किलोमीटरच्या घरात, म्हणजे इथून निघालो तर भरूच ओलांडून जाऊ एवढी. पण कड्यावरची जमीन बहुतेक ठिकाणी काहीशे पावलांत संपते. तिची उंची समुद्रापासून दोन-तीन मीटर.

बांगडी झाली कशी, याचे उत्तर चार्ल्स डार्विनने दिले. 1835 च्या नोव्हेंबरात 'बीगल' जहाज या बेटांमधून गेले तेव्हा त्याने ती डोलकाठीवर चढून पाहिली. आधी ज्वालामुखीचा डोंगर, त्याच्या पायथ्याभोवती प्रवाळाची भिंत. डोंगर शतकानुशतके खचत जातो, प्रवाळ मात्र उजेडासाठी वर वर वाढत राहतो. शेवटी डोंगर बुडतो आणि भोवतीचे कडे उरते. 1842 साली त्याने हे पुस्तकरूपाने मांडले. त्यावर शंभर वर्षे वाद झाला. 1952 मध्ये एनिवेटोक बेटावर खोल भोक पाडले, तेव्हा बाराशे मीटरहून अधिक प्रवाळाचा थर संपल्यावर खाली खरोखरच ज्वालामुखीचा खडक लागला. आपले लक्षद्वीपही कंकणद्वीपांचेच आहे, हे मुलांनी लक्षात ठेवावे.

आता आम्ही तिथे कसे पोहोचलो ते थोडक्यात. न्यूझीलंडमध्ये स्थायिक झालेल्या आमच्या एका मित्राची बारा मीटरची शिडाची नौका आहे. तो आणि त्याची पत्नी प्रशांत महासागर पार करत होते. मार्केसास बेटांवर, नुकु हिवाला, आम्ही त्यांना जाऊन मिळालो. कप्तान तो, आम्ही हाताखालची माणसे. कामे वाटून दिलेली: तीन तास पहारा, सहा तास विश्रांती, पाळीने स्वयंपाक. हलत्या नौकेवर कुकरची शिटी मोजणे यासारखी करमणूक नाही.

नुकु हिवा ते रांगिरोआ हे अंतर साडेपाचशेहून अधिक सागरी मैल. व्यापारी वारे पाठीशी असले तर चार-पाच दिवस. डोंगराळ बेट चाळीस मैलांवरून दिसते. ही बेटे दिसतात ती आठ-दहा मैलांवर आल्यावर, आणि दिसतात म्हणजे काय, तर क्षितिजावर नारळांचे शेंडे, जणू पाण्यातूनच उगवलेले. रात्री तेही नाहीत. बूगनव्हिल या फ्रेंच दर्यावर्दीने 1768 मध्ये या भागाला 'धोक्याचा द्वीपसमूह' असेच नाव दिले होते. 1947 मध्ये थोर हायरडाल आणि त्याचे पाच साथीदार 'कॉन-टिकी' या बाल्सा लाकडाच्या तराफ्यावरून पेरूहून निघाले, ते 101 दिवसांनी यांतल्याच रारोइआच्या प्रवाळावर आदळले.

मग होकायंत्र नसलेल्या जुन्या पॉलिनेशियन नावाड्यांना ही बेटे सापडत कशी? ते एकेक बेट शोधत नसत, पूर्ण पडदाच शोधत. सुरय आणि नॉडी हे पक्षी दिवसा मासे धरायला वीसेक मैल बाहेर येतात आणि संध्याकाळी सरळ घरी जातात. मावळतीला ते ज्या दिशेने उडतील तिकडे जमीन. म्हणजे दोन मैलांचे बेट चाळीस मैलांचे होते. अनाआ या बेटावरच्या ढगांच्या पोटाला लगूनच्या पाण्याची हिरवी झाक येते, ती बेट दिसण्याआधी दिसते. 1976 मध्ये 'होकुलेआ' ही जुन्या धर्तीची जोडनौका हवाईहून ताहितीला कोणत्याही उपकरणाविना नेली गेली. वाटाड्या होता मायक्रोनेशियातल्या सातावाल बेटाचा माउ पियाइलुग. त्यांना पहिली जमीन दिसली ती तुआमोतूतल्या माताइवाची. आमच्याकडे उपग्रहाचे यंत्र होते, पण चौथ्या संध्याकाळी पांढऱ्या सुरयांची जोडी डोक्यावरून गेली तेव्हा कप्तानाने यंत्राकडे न बघता त्यांच्याकडेच बोट केले.

त्या वेळी आमच्यापैकी एकाचा गाल सुजलेला होता. दाढेत पू झाला होता, अंगात ताप होता. नौकेवरच्या पेटीतले प्रतिजैविक सुरू केले होते, पण ताप उतरत नव्हता. रांगिरोआला दवाखाना आहे हे माहीत असल्याने आमचे सारे लक्ष घड्याळाकडे. मधेच एक दिवस वारा पडला आणि सकाळी पोहोचायचे ते आम्ही पाचव्या दिवशी दुपारी तीनला तिपुताच्या खिंडीसमोर आलो.

खिंड म्हणजे कड्यातली फट. आत जायची तीच वाट. इथे हातभर भरतीचे रहस्य उलगडते. नळाखाली परात धरा आणि परातीच्या काठाला एके ठिकाणी खाच पाडा. दक्षिणेकडच्या मोठ्या लाटा रात्रंदिवस कड्यावरून आत पाणी ओततात, तो नळ. परात शेकडो चौरस किलोमीटरची. आणि हे सारे पाणी बाहेर पडणार दोन-तीन खाचांतून. भरती-ओहोटी त्यात आपली भर घालते. लाटा मोठ्या असतील त्या आठवड्यात पाणी जवळजवळ सतत बाहेरच वाहत राहते. तिपुताला हा ओघ ताशी सहा मैल आणि त्याहूनही अधिक होतो. आमच्या इंजिनाची पूर्ण ताकद तेवढीच. म्हणजे इंजिन पूर्ण चालवायचे आणि जागच्या जागी उभे राहायचे. त्यात बाहेर येणारे पाणी समोरून येणाऱ्या लाटांना भिडते, तिथे पाण्याच्या भिंती उभ्या राहतात. डॉल्फिन त्यांत उड्या मारतात, लोक काठावर उभे राहून ते बघतात. खिंडीच्या आत बरोबर समोर एक लहानसे बेट आहे, त्यामुळे सरळ जाऊनही चालत नाही, वळावे लागते.

दुर्बिणीतून आम्हाला खिंडीच्या तोंडाशी पांढरी पट्टी दिसत होती. पलीकडे घरांची छपरे दिसत होती. त्यांतलेच एखादे दवाखान्याचे असावे, असे आम्हाला वाटत होते. आम्ही कप्तानाला म्हटले, प्रयत्न करून बघू. तो मित्र खरा, पण त्या क्षणी त्याने मित्रासारखे उत्तर दिले नाही. म्हणाला, ताप आज रात्री आणखी अर्धा अंश चढेल, उद्या उतरेल. नौका आत फिरली तर आपण चौघेही पाण्यात असू. एवढे बोलून त्याने सुकाणू वळवले.

दुसरेही कारण होते. पाण्यातले प्रवाळाचे खडक दिसायला सूर्य उंच आणि पाठीमागे लागतो. गडद निळे म्हणजे खोल, फिकट निळे म्हणजे वाळू, तपकिरी दिसले की थांबायचे. उतरत्या उन्हात समोर नुसती चकाकी असते, सगळे रंग एकच होतात.

रात्रभर पुढचे शीड उलटे धरून, सुकाणू बांधून नौका जवळजवळ स्थिर ठेवली. वारा आग्नेयेचा, आम्ही बेटाच्या उत्तरेला, म्हणजे वाहत गेलो तरी कड्यापासून दूरच जाणार. पहाऱ्यावर बसून कपाळावर ओल्या कपड्याची घडी ठेवायची, मधूनमधून दिवे मोजायचे. गावातला एक पिवळा दिवा पहाटेपर्यंत चालू होता. त्याचा आम्हाला फार राग आला, कारण तो इतका जवळ होता.

सकाळची वेळ काढायची कशी? कोकणातले जुने लोक तिथीला पाऊणपट करून भरतीची वेळ सांगतात, उधाण कधी आणि भांग कधी हे त्यांना पंचांगावरून कळते. तुआमोतूत चंद्र असाच कामाला येतो, त्याच्या उगवण्या-मावळण्यावरून खिंडीतले पाणी कधी थांबेल याचा अंदाज बांधतात. गंमत अशी की शेजारच्या ताहितीला चंद्राचे चालत नाही. तिथे रोज दुपारी बारा आणि रात्री बाराच्या सुमारासच भरती, पौर्णिमा असो की अष्टमी. आमचा हिशेब आठ वाजता पाणी थांबेल असा आला. खरे म्हणजे नऊला दहा मिनिटे कमी असताना पांढरी पट्टी विरली. हिशेबापेक्षा डोळे खरे. एकजण नाळेवर, एकजण डोलकाठीच्या आडव्या दांड्यावर, आणि वीस मिनिटांत आत. बाहेर पाच दिवस हेलकावे, आत तलावासारखे पाणी. सुरसागरच म्हणा, फक्त पलीकडचा काठ दिसत नाही असा.

दवाखान्यातल्या परिचारिकेने दाढेचा पू काढला, दुसरे औषध दिले, तिसऱ्या दिवशी गाल जागेवर आला.

आत आल्यावरही निर्धास्त राहता येत नाही. नांगराची साखळी खडकांना विळखे घालते, म्हणून तिला मधे मधे तरंगते गोळे बांधून तळापासून उचलून धरतात. काळ्या मोत्यांच्या शेतीतून सुटलेले गोळे किनाऱ्यावर पडलेले मिळतात, तेच वापरतात. वारा फिरला तर मघाशी आसऱ्याचा असलेला किनाराच धोक्याचा होतो, कारण आतल्या पाण्यावरही तीस-तीस किलोमीटर लाट वाढायला जागा असते. पुढे आम्ही फाकारावाला गेलो. त्याच्या दक्षिण खिंडीत शेकडो शार्क असतात. जून-जुलैच्या पौर्णिमेच्या सुमारास हेकरूच्या जातीचे मासे अंडी घालायला तिथे जमतात, तेव्हा तर गर्दीच. आमच्यापैकी एकाने पाण्यात उतरून पाहिले, दुसऱ्याने नौकेतून पाहिले. दोघांचेही समाधान झाले.

माणसांविषयी सांगितल्याशिवाय हे पूर्ण होत नाही. तिथे गोड्या पाण्यासाठी छपरावरचे पावसाचे पाणी टाक्यांत साठवतात. नारळ सुकवून खोबरे ताहितीच्या तेलगिरणीला जाते, त्याचा भाव सरकार अनुदान देऊन टिकवते. एका घरी आजीबाईंनी नारळ खवायला घेतला, आणि आम्ही बघतच राहिलो. बसायचे लाकडी आसन, पुढे दात्यांचे लोखंडी पाते, त्यावर पाय टाकून बसायचे. आपली खवणीच! आम्हीही बसलो आणि दोन नारळ खवून दिले. त्यानंतर आम्ही पाहुणे राहिलो नाही.

त्या आजीबाई मुलाशी पाउमोतूत बोलत, मुलगा ताहितीत उत्तर देई, नातवंडे आपसांत फ्रेंच बोलत. हे ऐकून आम्हाला कोणाच्या घराची आठवण झाली ते इथे सांगायची गरज नाही. पाउमोतू बोलणारे कमी होत चालले आहेत.

याच द्वीपसमूहाच्या आग्नेय टोकाला मोरुरोआ आणि फांगाताउफा. 1966 ते जानेवारी 1996 या काळात फ्रान्सने तिथे 193 अणुचाचण्या केल्या, पहिल्या काही वर्षांत उघड्या हवेत. भरपाईचा कायदा व्हायला 2010 उजाडले. त्या घरातले एक काका तरुणपणी तिथे मजुरीला होते. पगार चांगला होता, एवढेच ते बोलले, आणि विषय माशांवर नेला. आम्हीही पुढे विचारले नाही. समुद्राची पातळी वाढते आहे याबद्दल मात्र ते मोकळेपणी बोलले. त्यांच्या दृष्टीने धोका बुडण्याआधीच येतो: वादळात लाट आत आली की जमिनीखालचे गोडे पाणी खारट होते, नारळ टिकतो, भाजी जाते.

वेळ संपत आली आहे. प्रश्न असतील तर आरतीनंतर आम्ही इथेच आहोत. रांगिरोआचा सागरी नकाशा मागच्या टेबलावर पसरून ठेवला आहे, तिपुताच्या खिंडीवर पेन्सिलीची खूण आहे. शेजारी आजीबाईंनी दिलेली खवणीही आहे. मुलांनी नकाशाला खुशाल हात लावावा, खवणीच्या पात्याला मात्र लावू नये.