गर्भस्थ जिवाची खबर

३ जून २०२० रोजी 'निसर्ग' चक्रीवादळाने श्रीवर्धन झोडपले. वीज गेली, दूरध्वनी मुके झाले, उन्मळलेल्या झाडांनी रस्ते अडले. अशा प्रसंगी वाडीवरील गर्भवतीच्या उदरातील जिवाची खबर कोणी घ्यावी?

गर्भस्थ बाळाचे हृदय मिनिटाला साधारणतः ११० ते १६० वेळा स्पंदते. मातेच्या पोटावर ठेवलेला छोटासा संवेदक आत ध्वनिलहरी सोडतो आणि परतणाऱ्या लहरींतील बदलावरून ही स्पंदने मोजतो. मुंबईच्या केअरएनएक्स कंपनीचे 'फीटोसेन्स' त्यांचा आलेख मोबाईलवर दाखवते; तो दूरच्या डॉक्टरांनाही पाठवता येतो. परंतु वादळात संपर्कच तुटला, तर तो आलेख गावच्या परिचारिकेनेच वाचावा लागेल. म्हणून यंत्राबरोबर तिचे प्रशिक्षणही गावोगावी पोहोचले पाहिजे. संवेदक चाहूल देतो. जीव वाचवतात ती माणसेच.