आधी बेत, मग कात्री
(वर्धापनदिनी केलेले भाषण)



मी सातवी शिकलेली गृहिणी. बोलण्याचा सराव नाही. पण आपल्या आग्रहाखातर चार शब्द सांगते.

पोलके शिवताना आपण आधी माप घेतो, कापड बेततो, मगच कात्री लावतो. मग आपल्या शिक्षणाचा आणि कमाईचा बेत का करू नये? “आता या वयात काय शिकायचे?” असे म्हणून आपण गप्प बसतो.

पार्वतीबाई आठवले यांचा जन्म १८७० चा. वैधव्यानंतर त्या शिकल्या. हिंगण्याच्या आश्रमासाठी त्यांनी गावोगाव वर्गणी जमविली. इंग्रजीवाचून अडते, हे त्यांनी ओळखले आणि १९१८ साली, पन्नाशीच्या उंबरठ्यावर, त्या अमेरिकेस गेल्या. तेथे लोकांच्या घरी काम करून त्या इंग्रजी शिकल्या.

मीही माझे अडते कोठे ते पाहिले. शिंप्याकडून कापून आलेली पोलकी मी शिवते. बेतणे येत नाही म्हणून मजुरी थोडी मिळते. तेव्हा दिवाळीपर्यंत बेतणे शिकायचे, नंतर सतरा नंबरचा फॉर्म भरून दहावीला बसायचे, असे ठरविले आहे. फीसाठी कमाईतील दहावा हिस्सा बाजूला काढते. दुपारचे दोन तास माझे, हे घरी सर्वांना सांगितले आहे.

भगिनींनो, आज वहीत तीन ओळी लिहा : मला काय येते, कोठे अडते, ते केव्हापर्यंत शिकेन. पुढील वर्धापनदिनी त्या वह्या आपण एकमेकींना दाखवू.