ठिणगीला बाई-पुरुष कळत नाही

(काष्टी, ता. श्रीगोंदा येथे बायकांच्या बैठकीत एका कार्यकर्तीने केलेलं भाषण)



आज मी ग्राइंडरबद्दल बोलणार आहे. चटणी वाटायचा नव्हे, लोखंड कापायचा. हसू नका. मघाशी मी विचारलं, कुणाकुणाच्या घरी वेल्डिंगचं दुकान आहे? पाच-सहा हात वर आले. मग विचारलं, ग्राइंडर कोण चालवतं? सगळे हात खाली गेले. "मालक चालवतात, आम्ही नुसतं धरतो."

हे "नुसतं धरणं" मला चांगलं माहीत आहे. आमच्याही घरी पत्र्याची शेड होती. काष्टीसारखं जनावरांच्या बाजाराचं आणि उसाचं गाव म्हटलं की ट्रॉली, टायरगाडी, गव्हाण, काही ना काही जोडायचं असतंच. मी अँगल धरायची, हे कापायचे. एका संध्याकाळी माझ्या डोळ्यात कण गेला. सासूबाईंनी पदराच्या टोकाने काढून पाहिला, शेजारणीने काडेपेटीतली काडी आणली. मी दोन दिवस डोळा चोळत स्वयंपाक केला. तिसऱ्या दिवशी डॉक्टरांनी कण काढला, पण बुबुळावर गंजाचं कडं उरलं होतं. तेही खरवडावं लागलं. डोळा वाचला. शेडमध्ये चष्मा होता, पण एकच, आणि तो चालवणाऱ्याचा. धरणारीला कशाला चष्मा, असं तेव्हा मलाही वाटायचं.

लोखंड हे पुरुषांचं काम, असं कुणी म्हटलं तर त्याला घिसाड्याच्या पालावर घेऊन जा. नवरा सांडशीत तापलेलं लोखंड धरतो आणि बाई उभी राहून घण मारते. घण मारायला बाई चालते, मग यंत्राची माहिती करून घ्यायला का चालत नाही?

तर माहिती करून घेऊ. चार इंची ग्राइंडरची चकती मिनिटाला सुमारे ११,००० वेळा फिरते. म्हणजे तिच्या कडेचा वेग ताशी २०० किलोमीटर. चकती फुटली तर बाजूला व्हायला वेळच मिळत नाही. म्हणून जे करायचं ते बटण दाबण्याआधी करायचं.

पहिलं, गार्ड काढायचा नाही. मोठी चकती बसावी म्हणून गार्ड काढतात, तिथेच घात होतो. चकतीवर किती फेऱ्यांपर्यंत चालेल तो आकडा छापलेला असतो. तो यंत्रावरच्या आकड्यापेक्षा कमी नको. वापरायची मुदत छापलेली असते, तीही बघा. पडलेली, चिरलेली, ओली झालेली चकती फेकून द्या. लाकूड कापायचं दातेरी पातं तर ग्राइंडरला कधीच लावू नका.

दुसरं, पातळ चकती कापायला, जाड चकती घासायला. ऊसतोडीत नवरा-बायकोच्या जोडीलाच "एक कोयता" म्हणतात. त्या कोयत्याला पातळ चकतीच्या बाजूने धार लावताना मी पाहिलं आहे. ती चकती बाजूचा दाब सोसत नाही, फुटते.

तिसरं, माणसाने धरायचंच नाही. काम व्हाइसमध्ये आवळा किंवा क्लॅम्प लावा. यंत्र दोन्ही हातांनी, बाजूची मूठ लावून धरायचं. चकती अडकली की यंत्र उसळतं, म्हणून तिच्या रेषेत उभं राहायचं नाही. नवी चकती बसवली की मिनिटभर नुसती फिरवून बघायची.

चौथं, चकती बदलताना आधी पिन काढा. वीज गेली तरी पिन काढा. बटण लॉक राहिलं आणि लाइट आली, तर यंत्र आपोआप सुरू होतं. आपल्याकडे लाइट कधी जाईल आणि कधी येईल, हे का मी सांगायला हवं?

पाचवं, कपडे. पदर खोचणं पुरेसं नाही. नायलॉनची साडी ठिणगीने वितळून अंगाला चिकटते. वरून जाड सुती शर्ट घाला, बाह्यांची बटणं लावा, केस घट्ट बांधा. मंगळसूत्र शर्टाच्या आत, बांगड्या काढून ठेवायच्या. बांगड्या उतरवल्याने कुणाचं अशुभ होत नाही. चकतीत अडकल्या तर हात जातो. ठिणग्या जातात तिकडे कडबा आणि डिझेलचा कॅन ठेवू नका.

आणि चष्मा. नंबरचा नव्हे, बाजूनेही झाकणारा. शेडमध्ये जितकी माणसं तितके चष्मे. तरीही कण गेलाच तर चोळू नका, काडी लावू नका, त्याच दिवशी डोळ्यांच्या डॉक्टरकडे जा.

कायद्याने हे नवं नाही. कण उडणाऱ्या कामात पडदा किंवा चष्मा पुरवावा, असं १९४८ च्या कारखाना कायद्याचं ३५ वं कलम सांगत होतं. २१ नोव्हेंबर २०२५ पासून त्या कायद्याच्या जागी सुरक्षेची नवी संहिता आली. पण ज्या शेडमध्ये नवरा, दीर, एक पोरगा आणि आपण, तिला कारखाना कोण म्हणणार? तिथे तपासायला कुणी येत नाही. आणि त्या चौघांतही पगार नाही, हजेरी नाही, नाव नाही अशी एकटी आपणच. जी कामगार म्हणून मोजली जात नाही, तिच्यासाठी चष्मा आणायचं कुणाला सुचणार?

म्हणून चष्मा मागणं म्हणजे नुसता चष्मा मागणं नव्हे. "मी इथे काम करते" हे बोलून दाखवणं आहे. मालक रागावतील, "एवढ्यात काय होतंय" म्हणतील. तेव्हा हात कमरेवर ठेवा आणि सांगा, "चष्मा येईपर्यंत मी धरणार नाही."

आज घरी जाऊन एवढंच करा. शेडमधली माणसं मोजा, चष्मे मोजा. आणि माणसं मोजताना स्वतःला विसरू नका.