इनटेक मॅनिफोल्डमधील बदल आणि ईजीआरची वाट

इंजिनाच्या सिलिंडरमध्ये तापमान साधारण १५०० अंश सेल्सिअसच्या वर गेले की हवेतला एरवी स्वस्थ असणारा नायट्रोजन ऑक्सिजनशी संयोग पावतो आणि नायट्रोजनची ऑक्साइडे झपाट्याने तयार होऊ लागतात. ही ऑक्साइडे श्वासमार्गाला इजा करतात, शिवाय उन्हात हायड्रोकार्बनांबरोबर मिळून जमिनीलगत ओझोन घडवतात. ती कमी करायची तर ज्वलनाचा कमाल ताप उतरवावा लागतो. त्यासाठी जळून बाहेर पडलेल्या वायूचाच काही भाग पुन्हा आत घेतात. हे एक्झॉस्ट गॅस रीसर्क्युलेशन, म्हणजे गॅरेजमध्ये सगळे ज्याला ईजीआर म्हणतात ते. परतलेल्या वायूतील कार्बन डायऑक्साइड आणि पाण्याची वाफ उष्णता शोषतात, पण स्वतः जळत नाहीत. मिश्रणातला ऑक्सिजनही त्यांच्यामुळे विरळ होतो. अमेरिकेत १९७०च्या क्लीन एअर अ‍ॅक्टनंतर १९७३च्या मॉडेलांपासून ही व्यवस्था मोटारींत सर्रास दिसू लागली.

इनटेक मॅनिफोल्डचे मूळ काम मात्र वेगळे आहे. थ्रॉटलमधून आलेली हवा प्लेनम नावाच्या सामाईक पोकळीत शिरते आणि तिथून प्रत्येक सिलिंडरच्या स्वतंत्र नळीत, म्हणजे रनरमध्ये वाटली जाते. रनरची लांबी मनमानी नसते. व्हॉल्व्ह बंद होताच दाबाची लाट मागे फिरते, प्लेनमच्या तोंडाशी परावर्तित होऊन पुन्हा व्हॉल्व्हकडे येते. ती अचूक वेळी पोहोचली तर सिलिंडरमध्ये थोडी जास्त हवा लोटली जाते. लांब, अरुंद रनर कमी फेऱ्यांवर ओढ देतो; आखूड, रुंद रनर वरच्या फेऱ्यांवर ताकद देतो. मॅनिफोल्ड बदलणाऱ्याचे लक्ष बहुधा याच हिशेबावर असते. ईजीआर त्याला मध्ये आलेले भोक वाटते, आणि नेमकी इथेच चूक होते. वायू कुठून आत येतो, किती तापलेला येतो आणि हवेत कितपत मिसळतो, हेही मॅनिफोल्डच्या रचनेतच ठरते.

पहिला प्रश्न जागेचा. थ्रॉटलनंतर लगेच, प्लेनमच्या तोंडाशी वायू सोडला तर त्याला मिसळायला अंतर मिळते. तोच प्लेनमच्या एका टोकाला सोडला तर जवळचा सिलिंडर गरजेपेक्षा जास्त जळका वायू ओढतो आणि लांबचा उपाशी राहतो. अशा इंजिनात सरासरी प्रमाण बरोबर दिसते, पण एक सिलिंडर अडखळतो आणि दुसऱ्यात नॉकिंग होते, म्हणजे मिश्रण अवेळी भडकते. म्हणून रनर आखूड करताना किंवा प्लेनम मोठा करताना ईजीआरचे तोंडही नव्याने बसवावे लागते. प्रत्येक सिलिंडरला वेगळा थ्रॉटल देणाऱ्या रचनेत तर सामाईक प्लेनमच नसतो. तिथे सगळ्या रनरांना जोडणारी वेगळी नळी घातल्याशिवाय ईजीआर समान वाटणे शक्य नाही.

दुसरा प्रश्न उष्णतेचा, आणि तो अधिक निर्दय आहे. पेट्रोल इंजिनाचा एक्झॉस्ट भाराखाली ७०० अंशांच्या पुढे जातो. अ‍ॅल्युमिनियमचा मॅनिफोल्ड थोड्या तापलेल्या वायूची धार सहन करतो, पण आजचे बहुतेक मॅनिफोल्ड काचतंतू मिसळलेल्या नायलॉनचे असतात. नायलॉन ६६ सुमारे २६० अंशांना वितळते, आणि त्याच्या कितीतरी आधी ठिसूळ होऊ लागते. याचा धडा जनरल मोटर्सच्या ३८०० मालिकेतल्या ३.८ लिटर व्ही-६ इंजिनाने दिला. १९९५ पासूनच्या दुसऱ्या आवृत्तीत सुपरचार्जर नसलेल्या इंजिनांना वरचा मॅनिफोल्ड प्लास्टिकचा दिला होता. खालच्या अ‍ॅल्युमिनियम मॅनिफोल्डमध्ये उभी बसवलेली ईजीआरची धातूची नळी या प्लास्टिकच्या भोकातून वर येई, आणि तिच्या शेजारूनच शीतक पाण्याचा मार्ग जाई. वर्षानुवर्षांच्या तापाने नळीभोवतीचे प्लास्टिक ठिसूळ होत गेले, मधली भिंत फुटली आणि पाणी प्लेनममध्ये उतरले. काही गाड्यांत ते बंद इंजिनाच्या सिलिंडरात साठले. पाणी दाबले जात नाही, त्यामुळे चालू करताना पिस्टन अडून इंजिनच जायबंदी होई.

दुरुस्तीचा मार्ग शिकण्यासारखा होता. ईजीआर काढून टाकला गेला नाही. नळीचा व्यास कमी केला आणि नळी व प्लास्टिक यांच्यामध्ये हवेची फट ठेवली. स्थिर हवा उष्णता फार हळू पुढे नेते, त्यामुळे काही मिलिमीटरच्या मोकळ्या जागेने भिंत वाचली. केवळ नवा मॅनिफोल्ड बसवून जुनी जाड नळी तशीच ठेवणाऱ्यांच्या गाड्यांत तेच दुखणे परत आले. प्लास्टिकच्या कोणत्याही मॅनिफोल्डवर ईजीआर जोडताना धातूची बाही, हवेची फट आणि पाण्याच्या वाटेपासून अंतर या गोष्टी आधी आखायला हव्यात. भोक नंतर पाडावे.

डिझेलमध्ये ताप कुलरने उतरवता येतो, पण तिथे काजळी आहे. क्रँककेसमधून येणारी तेलाची वाफ आणि एक्झॉस्टची काजळी मिळून रनरच्या आत चिकट थर धरतात. हलक्या भारावर डिझेलमध्ये आत जाणाऱ्या वायूचा निम्म्यापर्यंत भाग ईजीआरचा असू शकतो, तेव्हा हा थर लवकर वाढतो. थर खरवडणे हे देखभालीचे काम आहे. तो साचू नये यासाठी क्रँककेसच्या वाटेवर तेल अडवणारा विभाजक बसवणे, हा खरा बदल.

ब्लँकिंग प्लेट लावून ईजीआर बंद करण्याचा सल्ला सहज दिला जातो आणि ताकद वाढेल असे सांगितले जाते. नेहमीच्या पेट्रोल इंजिनात हा दावा टिकत नाही, कारण पूर्ण थ्रॉटलवर ईजीआरचा व्हॉल्व्ह मुळात बंदच असतो. आयडलवरही तो बंद असतो. तो उघडतो मधल्या भारावर, आणि तिथे संगणकाने ठिणगी लवकर टाकलेली असते, कारण जळक्या वायूने ज्वलन मंदावते. वायू थांबवला पण ठिणगीची वेळ तीच ठेवली, तर नॉकिंग सुरू होते. मॅनिफोल्डच्या दाबावरून हवा मोजणाऱ्या यंत्रणेत आणखी एक गुंता आहे. ईजीआरमुळे दाब वाढतो, ऑक्सिजन वाढत नाही, आणि इंधनाचा नकाशा ही वजाबाकी गृहीत धरून आखलेला असतो. बदललेल्या मॅनिफोल्डसाठी नकाशा पुन्हा बसवणे म्हणूनच टाळता येत नाही.

डिझेलमध्ये ईजीआर बंद केल्यावर काजळी कमी होते, धूर स्वच्छ दिसतो. भारतातील पीयूसी चाचणीत डिझेल गाडीच्या धुराची गडदता मोजली जाते. नायट्रोजनची ऑक्साइडे मोजली जात नाहीत. त्यामुळे बीएस-४ या उत्सर्जन मानकामध्ये किलोमीटरमागे ०.२५ ग्रॅम आणि १ एप्रिल २०२० पासून देशभर लागू झालेल्या बीएस-६ मध्ये ०.०८ ग्रॅम ही ऑक्साइडांची मर्यादा कधीच ओलांडलेली गाडी पीयूसीत आधीपेक्षा चांगली ठरू शकते. प्रमाणपत्र हातात असूनही रस्त्याकडेच्या माणसाच्या फुप्फुसात विष जातच राहते. ही फट गंभीर आहे.

मॅनिफोल्ड बदलल्यावर ईजीआर नीट वाटला जातो की नाही हे मोजता येते. प्रत्येक रनरमधून वायूचा नमुना घेऊन त्यातला कार्बन डायऑक्साइड तपासतात. त्यातून बाहेरच्या हवेतले प्रमाण वजा करून एक्झॉस्टमधल्या तशाच वजाबाकीने भागले की त्या सिलिंडरचा ईजीआरचा वाटा मिळतो. रनरांमधले आकडे एकमेकांच्या जवळ आले की मग धुराच्या यंत्राने गॅस्केटची गळती पाहायची, आणि त्यानंतर संगणकात पी०४०१ किंवा पी०४०२, म्हणजे ईजीआरचा प्रवाह अपुरा किंवा जास्त असल्याचा संकेत, वेगवेगळ्या भारांवर गाडी चालवूनही उमटत नाही ना, याची खात्री करायची.